दहावीचं मोकळं वर्ष



आज ज्या वर्षाबद्दल आपण बोलणार आहोत, ते वर्ष महाराष्ट्रातल्या शाळांत आता नाही. जुन्या अकरा यत्तांच्या पद्धतीतली दहावी. आजची दहावी म्हटली की घरातला टीव्ही बंद होतो, पाहुणे बेताने येतात, मूल मावशीच्या लग्नालासुद्धा जात नाही. आमची दहावी याच्या अगदी उलट होती. मॅट्रिकची परीक्षा अकरावीला. म्हणजे दहावीला बोर्ड नाही, वय पंधरा-सोळा, हायस्कुलात पाच वर्षं काढलेली, कुठला मास्तर कशावर चिडतो हे पाठ झालेलं, आणि शाळेतला शिपाईसुद्धा नावाने हाक मारायचा. त्यामुळे शाळेचं गॅदरिंग, हस्तलिखित, शाळेचा गणपती, सहल आणि शेवटी अकरावीचा निरोप समारंभ हे सगळं दहावीच्या अंगावर पडायचं. काही शाळांत जनरल सेक्रेटरी अकरावीचा असे, नाही असं नाही. पण सतरंज्या कुठून आणायच्या, पेट्रोमॅक्स कोणाकडे मिळेल, नाटकाला पडदा कोण देईल, ही धावपळ दहावीची.

१९७५ साली हे वर्ष गेलं. त्या वर्षी मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची नियमित तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी, दोघांनीही शालान्त परीक्षा दिली. शिक्षणाच्या इतिहासात याची नोंद ‘नवा आकृतिबंध लागू झाला’ अशी सापडते. अभ्यासक्रम किती वाढला, नवं गणित कधी आलं, शिक्षक किती अतिरिक्त ठरले, यावर लिहिलं गेलं. शाळेच्या दिवसातल्या शेवटच्या घंटेनंतरच्या दोन तासांचं काय झालं, यावर मात्र फारसं कोणी बोललेलं नाही. आमच्या मते त्या दोन तासांचा इतिहास हा आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनाचाच इतिहास आहे. तो थोडा मागे जाऊन बघू.

विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर एकत्र येऊन काही करायचं, ही कल्पना आपल्याकडे नाचगाण्यातून आली नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली. तेव्हा शाळा आणि कॉलेज असा आजच्यासारखा स्पष्ट भेद नव्हता, एकाच संस्थेत दोन्ही. तिथल्या तरुणांनी निबंध वाचायला सुरुवात केली, मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा काढल्या, आणि पुढच्याच वर्षी, १८४९ साली, मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवायला पगारी मास्तर नव्हते. ही तरुण मंडळीच आपल्या मोकळ्या वेळात जाऊन शिकवायची. दादाभाई नौरोजी त्यांच्यातले. मुली मिळवण्यासाठी ते घरोघर हिंडले, आणि काही संतापलेल्या वडिलांनी आपल्याला पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी दिली, असं त्यांनी पुढे सांगितलेलं आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर हा त्यांचा ‘सहशालेय उपक्रम’!

पुण्यात २ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढली, आगरकर पुढच्या वर्षी येऊन मिळाले. खासगी शाळा काढणं म्हणजे मुलांचा दिवस सरकारच्या हातून काढून आपल्या हातात घेणं, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. सरकारलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांचं परिपत्रक निघालं. शाळकरी मुलांनी राजकीय सभांपासून दूर राहावं, आणि शाळांनी त्यांना दूर ठेवावं, असा त्याचा रोख. प्रा. विजापूरकरांचं तळेगावचं समर्थ विद्यालय १९१० साली सरकारने बंद पाडलं. गंमत अशी की, मुलांच्या संध्याकाळी मोकळ्या राहिल्या तर ती कुठे जातील ही धास्ती असलेल्या काळातच कवायत, सामने, स्काउट या गोष्टींना उत्तेजन मिळत गेलं. स्काउटचं म्हणाल तर १९०९ च्या सुमारास ते हिंदुस्थानात आलं तेव्हा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच होतं. मग ॲनी बेझंट यांनी आणि पंडित मालवीयांच्या सेवा समितीने आपापली देशी पथकं काढली. तोच गळ्यातला रुमाल, तीच शिट्टी, निष्ठा मात्र वेगळी.

तेव्हा शाळेतला कार्यक्रम कधीच नुसता कार्यक्रम नव्हता. मुलांच्या मोकळ्या वेळावर हक्क कोणाचा, ही त्यामागची ओढाताण होती. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार मारले गेले. शिरीषकुमार शाळकरी मुलगा, त्याला सोळावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. म्हणजे आम्ही मघाशी ज्या वयाचं वर्णन केलं, सतरंज्या आणि पेट्रोमॅक्सचं, तेच वय.

स्वातंत्र्यानंतर ही ओढाताण संपली असं वाटलं. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५३ साली स्पष्ट म्हटलं की, हे उपक्रम शिक्षणाचाच भाग आहेत, वरून लावलेली झालर नव्हे. शाळांमधून एनसीसी आली, तिच्या जोडीला एसीसी आली. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ पासून होत्याच, संघाच्याही होत्या. गावाच्या मैदानात एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. आणि बरीच मुलं, खरं सांगायचं तर, ज्या बाजूला हुतुतू चांगला रंगेल त्या बाजूला जात.

आता त्या वर्षाकडे येऊ. आमची दहावी १९६५-६६ ची, एका तालुक्याच्या गावातली.

शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडायची. जुलैत विद्यार्थी मंडळाची निवडणूक. ऑगस्टमध्ये पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, टिळक पुण्यतिथीच्या वक्तृत्व स्पर्धा, मग गणपती. आश्विनात मुलींचा भोंडला. पाटावर हत्ती काढून भोवती फेर, आणि शेवटी डब्यात काय आहे ते ओळखायचं. ती खिरापत ओळखण्याचा मान मुलांना नसे, पण वास मैदानापर्यंत यायचा. दसऱ्याला पाटीपूजन. सहामाही, दिवाळीची सुट्टी, आणि सुट्टीनंतर शाळा उघडली की गॅदरिंग. कागदावर त्याला स्नेहसंमेलन म्हणत, बोलताना कोणी म्हणत नसे. जानेवारीत सहल, फेब्रुवारीत निरोप समारंभ, आणि एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, जिची कोणाला विशेष भीती नसे.

यातल्या हस्तलिखिताबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. मोठे कार्ड पेपर आणायचे, सुंदर अक्षराची तीन-चार मुलंमुली बसवायची, चित्रकलेच्या सरांकडून मुखपृष्ठ करून घ्यायचं, आणि एकच प्रत. एकच! ती वाचनालयाच्या टेबलावर साखळीने बांधून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. एकच प्रत असल्यामुळे तिच्यात काय येणार आणि काय गळणार यावर खरी भांडणं होत. आज हवं ते आणि हवं तेवढं कोणालाही प्रसिद्ध करता येतं, त्यामुळे संपादन म्हणजे काय हे पंधराव्या वर्षी कळण्याची सोय राहिली नाही. आपल्या मित्राची कविता वाईट आहे हे त्याला तोंडावर सांगणं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बाकावर बसणं, याला आम्ही तरी शिक्षण म्हणतो.

या हस्तलिखिताची एक थोर परंपरा खानदेशात अमळनेरला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला अमळनेर माहीत असतं ते प्रतापशेठांच्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे. पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण एम.ए. तिथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आले, त्यात त्यांचं मन रमलं नाही, आणि १९२४ साली ते तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत, तर हे बोलत काही नसत, आपणच जाऊन झाडत, कपड्यांच्या घड्या करत. आणि मुलांसाठी रोज हाताने लिहून एक ‘छात्रालय दैनिक’ काढत. रोज! आम्हाला वर्षातून एकदा ते करताना घाम फुटायचा. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केलं, आणि १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. साने गुरुजी म्हटलं की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते आणि डोळे ओले होतात, ते ठीक आहे. पण वसतिगृहातल्या मुलांना आपल्याच जगण्याच्या बातम्या असतात आणि त्या छापण्याजोग्या असतात, हे सांगणारा तो संपादक लोकांच्या फारसा लक्षात राहिलेला नाही.

आता त्या १९६५ सालाची गोष्ट. सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं. पाऊसही ओढ देऊन बसलेला. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडायला सांगितलं होतं, आणि आमच्या गावात खानावळी सोमवारी संध्याकाळी खरोखर बंद असायच्या. दिवाळीनंतर विद्यार्थी मंडळाची बैठक भरली. प्रश्न असा आला की, गॅदरिंगचं जेवण करायचं की ते पैसे संरक्षण निधीला पाठवायचे. वर्गणी प्रत्येकी दीड रुपया. तुम्हाला वाटेल, यात चर्चा करण्यासारखं काय आहे? चर्चा अडीच तास चालली.

एक बाजू म्हणाली, देश संकटात असताना जिलेबी कसली खाता? दुसऱ्या बाजूने आठवीतला एक वर्गप्रतिनिधी उभा राहिला. खेड्यावरून रोज सात किलोमीटर चालत येणारा. तो म्हणाला, हे जेवण तुम्हाला एक जेवण आहे, आमच्यातल्या काहींना वर्षात जिलेबी या एकाच दिवशी मिळते, तुमच्या घरचं द्या की निधीला. बैठकीत शांतता पसरली. मग तिसरा मार्ग निघाला. जेवण राहील, गोड राहणार नाही, गावातल्या मुलांनी घरून आणखी एकेक रुपया आणून निधीत टाकायचा, आणि नाटकाचा भाड्याचा पडदा रद्द करून शाळेच्या चादरी वापरायच्या. मतदान झालं. मुख्याध्यापक दाराशी उभे राहून ऐकत होते, ते आत आले नाहीत. एवढं मात्र म्हणाले की, जो हिशेब होईल तो पावत्यांसकट फळ्यावर लागला पाहिजे, आणि कमी पडले तर शाळा भरणार नाही.

जिलेबी गेली, त्या मुलाचं म्हणणं अर्धंच मान्य झालं. तो निर्णय न्याय्य होता का? इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवताना वितरणात्मक न्यायावरची मोठमोठी पुस्तकं वाचली, तरी त्या बैठकीतला पेच आमच्या दृष्टीने पुरता सुटलेला नाही. पण पेच आमच्यासमोर होता आणि निकाल आमच्या हातात होता, हे महत्त्वाचं. ॲरिस्टॉटल म्हणतो तसं, वीणा वाजवून माणूस वीणावादक होतो आणि न्यायाने वागून न्यायी. त्यासाठी वाजवायला वीणा हातात तर आली पाहिजे. काम सांगणं आणि जबाबदारी सोपवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘अरे, त्या खुर्च्या मांड’ हे काम झालं. खुर्च्या कमी पडल्या तर लोक तुला विचारतील, ही जबाबदारी. आजच्या शाळांत कामं पुष्कळ सांगितली जातात.

इथे कोणी म्हणेल, म्हातारपणी आपला काळ सगळ्यांनाच गोड वाटतो. तेव्हा त्या काळाची दुसरी बाजूही नीट पाहू. शेवटच्या घंटेनंतरचे दोन तास सगळ्यांच्या मालकीचे नव्हते.

मुलींचंच बघा. पुण्याची हुजूरपागा १८८४ साली निघाली. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक हे तिच्यामागे. त्या वेळी टिळकांच्या पत्रांनी जी टीका केली तिच्यातला एक मुद्दा अभ्यासक्रमाचा होता, आणि दुसरा वेळेचा. अकरा ते पाच मुली शाळेत राहिल्या तर घरचं काम कधी शिकणार? शाळा थोड्या तासांची असावी. म्हणजे वाद पुस्तकांचा जितका होता तितकाच घड्याळाचा. आणि ते घड्याळ १९६५ सालीही तसंच चालत होतं. आमच्या शाळेत मुली होत्या, वर्गात पहिल्या येत होत्या, पण नाटकाची तालीम सहानंतर, म्हणून नाटक स्त्रीपात्रविरहित. अशा एकांकिकांची पुस्तकं तेव्हा खास शाळांसाठी मिळत, मुखपृष्ठावर तसं छापलेलं असे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने मंडळात ठराव मांडला की, तालीम मधल्या सुट्टीत आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घ्या. ठराव एका मताने पडला. मुलांनी पाडला, मास्तरांनी नव्हे. लोकशाहीची पहिली चव आम्हाला अशी मिळाली.

चालत येणाऱ्या मुलांचं तेच. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ई.बी.सी. म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफीची सवलत सुरू झाली. आमच्या वेळी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा बाराशे रुपये होती. तिने खेडोपाडीची मुलं हायस्कुलात आणली, ही या राज्याने केलेल्या मोठ्या कामांपैकी एक. पण फी माफ झाली तरी अंतर माफ झालं नाही. साडेपाचला शाळा सुटली की ती मुलं निघायची. अंधाराच्या आत वस्तीवर पोचायचं, गुरं बांधायची. गॅदरिंगच्या फोटोत ती दिसतात, शेवटच्या रांगेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावं क्वचितच सापडतात.

आणि काहींच्या बाबतीत अंतर किलोमीटरचं नव्हतंच. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतले दिवस स्वतः लिहून ठेवलेत. वर्गात बसायला वेगळं गोणपाट, आणि तहान लागली तर शिपाई येऊन नळ सोडील तेव्हाच पाणी, शिपाई नाही तर पाणी नाही. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात गेल्यावर, मास्तरांनी त्यांना फळ्याकडे बोलावलं तेव्हा मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे धावत जाऊन बाजूला केले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. डबा हीच तर शाळेतल्या सामाजिक जीवनाची सुरुवात! मधल्या सुट्टीत कोण कोणाच्या डब्यात हात घालतं, हे ज्या शाळेत ठरलेलं आहे, तिथे ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द कोणत्या तोंडाने उच्चारायचा? पुढे कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांना जॉन ड्यूई शिक्षक म्हणून लाभले. शाळा म्हणजे पुढच्या आयुष्याची पूर्वतयारी नव्हे, तो एक छोटा समाजच आहे, असं मांडणारा हा तत्त्वज्ञ. गोणपाटावर बसलेल्या विद्यार्थ्याला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

या सगळ्यावर एक उत्तर साताऱ्यातच शोधलं गेलं, हे विसरून चालणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. एका काळी बोर्डिंग चालवायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९४० साली महाराज सयाजीराव हायस्कूल निघालं, मुलं काम करून शिकणार या तत्त्वावर. तिथे ‘उपक्रम’ असं वेगळं काही नव्हतंच. विहीर खणणं, भाजी पिकवणं, भाकऱ्या थापणं हाच दिवस. शहरातल्या शाळेत सामाजिक जीवन पाच वाजता सुरू व्हायचं आणि ज्याला थांबता येईल त्यालाच मिळायचं. कर्मवीरांनी ते पहाटे पाचला सुरू केलं, आणि कोणाला घरी जायचंच नसल्याने ते सगळ्यांना मिळालं. पंक्तिभेदावर इतकं साधं आणि इतकं मुळावर घाव घालणारं उत्तर आमच्या माहितीत दुसरं नाही. अर्थात त्याची किंमत होती. त्या मुलांना खेळायला, रिकामं बसायला, हस्तलिखितावर भांडायला किती वेळ मिळाला असेल? मोकळा वेळ ही सुद्धा एक संपत्ती आहे, आणि ती श्रीमंतांच्या मुलांकडेच असावी असं काही नाही.

तर अशी ही संपत्ती. अपुरी, असमान वाटलेली, पण हळूहळू पसरत होती. सत्तरीच्या सुरुवातीला आम्ही नुकतेच शिकवायला लागलो होतो, तेव्हा गावोगावच्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून बोलावणी येत. नाटकात मुली दिसू लागल्या होत्या. सूत्रसंचालन करणारा मुलगा वस्तीवरचा निघू लागला होता.

तेवढ्यात आकृतिबंध बदलला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात दहा अधिक दोन अधिक तीन अशी रचना सुचवली होती. एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. आयोगाचं म्हणणं असं होतं की, वरची दोन वर्षं विद्यापीठांकडून काढून शाळांकडे आणावीत. म्हणजे शाळेत सतरा-अठरा वर्षांची मुलं असावीत. तसं झालं असतं, तर आज आम्ही हे व्याख्यान दिलंच नसतं. अकरावी बोर्डाच्या कचाट्यातून सुटून मोकळी झाली असती, आणि दहावीचं जुनं काम तिने उचललं असतं. महाराष्ट्रात काही शाळांना उच्च माध्यमिक वर्ग जोडले गेले, पण मोठ्या प्रमाणावर अकरावी-बारावी कॉलेजांत गेली आणि तिला ‘ज्युनिअर कॉलेज’ हे नाव मिळालं. जून १९७५ मध्ये ती सुरू झाली, १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली. कॉलेजांकडे इमारती होत्या, प्राध्यापक होते, आधीच्या प्री-डिग्रीचे वर्ग होते. व्यवहाराच्या दृष्टीने ते सोयीचं होतं. आम्ही स्वतः अशा एका कॉलेजात होतो, आणि नव्या तुकड्यांमुळे नोकऱ्या टिकल्या म्हणून स्टाफरूममध्ये सगळे खूश होते.

शाळेत काय झालं? बोर्डाची परीक्षा एक यत्ता खाली उतरली. दहावी अभ्यासाला बसली. तिला गॅदरिंगमधून सूट मिळाली, मग सहलीतून मिळाली. उरली नववी. नववीचं मूल चौदा वर्षांचं. चौदा आणि सोळा यांत आकडा दोनचाच दिसतो, पण ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना तो केवढा असतो ते सांगायला नको. चौदा वर्षांच्या मुलाला पेट्रोमॅक्स आणायला बाजारात पाठवायला मुख्याध्यापकांचा धीर होत नाही. मग शिक्षक सगळं करू लागले. पुढे शिक्षकांवरही निवडणुका, जनगणना, पटपडताळणी यांचा भार वाढला, तेव्हा नृत्य बसवून देणारे लोक बाहेरून येऊ लागले. आज गॅदरिंगच्या व्यासपीठावर सराईत ध्वनी-प्रकाशयोजना असते, भाड्याचे पोशाख असतात, आणि मुलं फार सुंदर नाचतात. पैशांचा हिशेब कोणत्याही मुलाला ठाऊक नसतो.

आणि त्या दोन वर्षांनी मोठ्या मुलांचं काय? अकरावीला ती अशा ठिकाणी जातात जिथे कोणी त्यांना ओळखत नाही. तिथे पहिलं वर्ष ओळखी होण्यात जातं आणि दुसऱ्या वर्षी बारावी. आता तर अनेक मुलांचं नाव ज्युनिअर कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये अशी सर्रास व्यवस्था आहे. शाळेचं शेवटचं वर्ष आणि कॉलेजचं पहिलं वर्ष, दोन्हींच्या मधोमध एक खळगा पडला आणि पंधरा ते सतरा हे वय त्यात गेलं. हेच ते वय, ज्याच्या संध्याकाळची रिस्लेसाहेबांना एवढी काळजी वाटली होती. साहेबाला परिपत्रक काढून जे जमलं नाही, ते आपण वेळापत्रक बदलून करून दाखवलं.

यामागे कोणाचा डाव होता, असं आम्हाला मुळीच सुचवायचं नाही. समितीच्या बैठकीत तासिका मोजल्या गेल्या, वेतनश्रेणी मोजल्या गेल्या, वर्गखोल्या मोजल्या गेल्या. मोकळं वर्ष मोजायला रकाना नव्हता. इतिहासात अशा पुष्कळ गोष्टी कोणी मोडल्या म्हणून जात नाहीत. त्यांना नाव नसतं म्हणून जातात.

हा विषय आत्ता काढण्याला एक कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानलेला आहे. कागदावर का होईना, अकरावी पुन्हा शाळेच्या कुशीत आली आहे. आता महाराष्ट्रात ती प्रत्यक्ष कुठल्या इमारतीत बसणार, तिचे शिक्षक कोणाच्या आस्थापनेवर असणार, यावर खल चाललेला असतो, आणि तो बहुतेक संस्थाचालक आणि संघटना यांच्यात चालतो. तुमच्यापैकी कोणी शाळा समितीवर असाल, पालक-शिक्षक संघात असाल, तर तिथे एवढंच विचारा की, या चार वर्षांत बोर्डाची परीक्षा नसलेलं वर्ष कोणतं, त्या वर्षी शाळेच्या किल्ल्या कोणाकडे असतील, आणि साडेपाचची एसटी पकडणाऱ्या मुलीला तालमीला थांबता येईल अशी वेळ कोणती ठरवली आहे. उत्तर मिळालं तर आम्हालाही कळवा.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत. मागच्या रांगेतून आधी घेऊ.